राखून ठेवलेला आवाज

"तात्या, एक शब्दसुद्धा बोलायचा नाही!"

मी नुसतं तोंड उघडलं होतं. चहात साखर नव्हती, आणि असणारही नव्हती, कारण ऑपरेशनच्या आधी शुगर खाली आणायची होती. तरी माणूस बोलून बघतोच की. पण समोर बसलेल्या आमच्या लेकीनं, तेजूनं बोट वर केलं, शाळेत मी पोरांना करायचो अगदी तसंच. मी तोंड मिटलं आणि पाटीवर लिहिलं, 'हा चहा नव्हे, गरम पाणी आहे.'

"लिहिलंत ते बरं केलंत," ती म्हणाली आणि परत लॅपटॉपात डोकं घातलं.

मंदा, म्हणजे आमची बायको, ओट्यापाशी उभी होती. तिला पाटी दाखवली. तिनं पदराला हात पुसले, चष्मा शोधला, नाकावर चढवला, वाचलं आणि म्हणाली, "पाटीवर भांडण्यात काय मज्जा नाही हो. मी चष्मा शोधेपर्यंत माझा रागच जातोय."

मला हसू आलं. हसतानाही आवाज निघतो, म्हणून तेही आतल्या आत दाबलं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी यशवंत बिरनाळे, राहणार माधवनगर, सांगलीच्या शेजारी. हायस्कुलात खेळाचा मास्तर होतो, पण ती झाली नोकरी. जगलो ते मैदानात. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात कुठल्याही गावची जत्रा असो, कुस्त्यांचं मैदान भरलं की माईक माझ्याकडं. पैलवान मातीत उतरला की तो कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, त्याच्या आज्यानं कुणाला अस्मान दाखवलं होतं, हे सगळं कागद न बघता सांगायचो. दोघं नुसते एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे राहिले तरी मी बोलून माणसं जागची उठवायचो. लोक कुस्ती बघायला यायचे हे खरं, पण बोलायला कोण आहे, बिरनाळे गुरुजी आहेत का, हे आधी विचारायचे. मी सांगतोय म्हणून खोटं समजू नका. कुणालाही विचारा.

तर अशा माणसाचा आवाज एका उन्हाळ्यात बसला आणि उठेचना. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं, हळदीच्या गुळण्या झाल्या. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. गाठ होती. ते म्हणाले, आवाजाची पेटी काढावी लागेल, जीव वाचेल.

"आणि बोलणं?" मी विचारलं.

"जीव वाचेल, गुरुजी," ते परत म्हणाले.

तेजस्विनी आमची एकुलती एक. पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती. बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली, लॅपटॉप आणि कपड्यांची बॅग घेऊन. रडली नाही. माझ्यापुढं बसली आणि म्हणाली, "तात्या, पेटी काढू दे त्यांना. आवाज मी काढून ठेवते. तुमचा आवाज कॉम्प्युटर शिकून घेईल. मग तुम्ही मोबाइलवर टाइप करायचं, आणि तो तुमच्या आवाजात बोलेल. हुबेहूब."

"तुझ्या आईला हाक मारायची झाली तर?"

"तीपण तुमच्याच आवाजात."

खरं सांगतो, त्या दिवशी माझं निम्मं भय गेलं. पोरीला शिकवल्याचं सार्थक झालं असं वाटलं. मी लगेच म्हणालो, "मग चल, बसूया. आत्ता सुरू करू. काय बोलू सांग."

"थांबा हो. आधी लायब्ररी ठरवायची आहे."

लायब्ररी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं कपाटं आणि पुस्तकं आली. तसं नव्हतं. जगात कुठंतरी कुणीतरी बसून एखादं अवघड काम प्रोग्रॅमच्या रूपात तयार करून ठेवतो, आणि फुकट वाटून टाकतो. घ्या, वापरा, मोडा, दुरुस्त करा. त्याला हे लोक लायब्ररी म्हणतात. माणसाचा आवाज शिकून घेणाऱ्या अशा लायब्रऱ्या एक-दोन नव्हत्या, ढिगानं होत्या. प्रत्येकीचे भक्त वेगळे. एकीचे लोक दुसरीला नावं ठेवायचे. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, म्हटलं आपल्या तालमींसारखंच आहे की सगळं.

"जुनी मैदानातली रेकॉर्डिंगं आहेत, ती नाही का चालणार?" मी विचारलं होतं.

"त्यात हलगी आहे, शिट्ट्या आहेत, पब्लिक आहे. तुमच्या आवाजाबरोबर ते हलगीपण शिकेल."

मदतीला तिनं कॉलेजातला मित्र बोलावला, सुहैल मुजावर. मिरजेचा पोरगा. त्याच्या घरात सगळे सतारी करणारे, हा एकटा कॉम्प्युटरकडं वळलेला. स्वभावानं गरीब, बोलायला हळू. मला 'गुरुजी' म्हणायचा आणि आल्यावर पाया पडायचा. दोघांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. आम्ही नवरा-बायको पाटावर जेवायला लागलो.

आता मौनाचं कारण सांगतो. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की आवाजाला ताण देऊ नका. तेजूनं त्याचं पार मौनव्रत करून टाकलं. तिचं म्हणणं असं, की प्रत्येक लायब्ररीची मागणी निराळी. एकीला लहान लहान वाक्यं लागतात, एकीला लांबलचक, एकीला तिनं दिलेलीच वाक्यं हवीत. माझा आवाज दिवसातून थोडाच वेळ धड निघायचा, मग फाटायचा.

"चुकीच्या लायब्ररीसाठी तो वापरून बसलो तर बरोबरच्या वेळी काय उरणार?" ती म्हणाली. "म्हणून आधी ठरवायचं. मग एकदाच स्टुडिओत जायचं आणि एकदम नीट करायचं. तोवर आवाज राखून ठेवा."

मला ते पटलं. मैदानाच्या आदल्या दिवशी मीसुद्धा कमी बोलायचो.

पाटी बाजारातून आणली. मंदानं खडूचा डबा माझ्या उशाशी ठेवला. आणि आमचं घर एकदम निराळंच झालं. मी गप्प, पण घर गप्प नव्हतं. प्रत्येक लायब्ररी कशी बोलते हे बघायला ती दोघं तिच्याकडून वाक्यं वदवून घ्यायची. 'नमस्कार, आज हवामान ढगाळ राहील.' 'कृपया आपला क्रमांक सांगा.' सकाळपासून संध्याकाळपर्यंत अनोळखी बाया आणि बाप्ये आमच्या घरात हवामान सांगत होते.

"ह्यांना कुणीतरी गप करा गं," मंदा भाकरी थापता थापता म्हणायची. "ज्यानं बोलायचं त्याचं तोंड बंद आणि ही भुतं दिवसभर बोलत्यात."

ऑपरेशनची तारीख ठरली होती, पण माझी शुगर काही उतरेना. तारीख पुढं गेली. तेजूला वाईट वाटायच्या ऐवजी सुटल्यासारखं झालं, मला दिसलं ते. चार दिवस जास्त मिळाले.

मी त्यांच्या शेजारी बसून ऐकायचो. हळूहळू मला एकेक लायब्ररी कळायला लागली. एक होती विद्यापीठातल्या पोरांनी केलेली. मराठी फार छान बोलायची, अगदी आपल्या भागातल्या माणसासारखी. पण ती पोरं पास होऊन गेली आणि मागं कुणी राहिलं नाही. सुहैलनं तिथं प्रश्न विचारून ठेवला होता, त्याला उत्तरच आलं नाही. दुसरी परदेशी कंपनीची. कंपनी बुडाली, मग लोकांनी ती उचलली, तर त्यांच्यात तीन गट पडले, आणि तिघंही म्हणायचे खरी आमचीच. तिसरी अगदी नवी, सगळं जग तिच्या नावानं टाळ्या वाजवत होतं, पण ती मराठी बोलायची ते साबणाच्या जाहिरातीतल्यासारखं. आणखी एक होती, तिचा आवाज गोड, पण अटी अशा की वकील लावावा. मी पाटीवर लिहून द्यायचो, 'ही दमली,' 'हिचा वस्ताद पळाला,' 'ही नुसतीच शड्डू ठोकते.' सुहैल खो खो हसायचा. तेजूही हसायची, पण तिचे डोळे स्क्रीनवरून हलायचे नाहीत.

एकदा ती जवळजवळ ठरवून बसली होती. विद्यापीठाचीच घेऊ म्हणाली. मी पाटीवर मोठ्या अक्षरात 'शाब्बास' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर ती परत टेबलाशी.

"काल रात्री परदेशीचं नवं रूप आलंय, तात्या. पहिल्यापेक्षा खूप चांगलं आहे म्हणे. बघून तरी घेते."

बघून घेण्यात आठवडा गेला.

सुहैल त्या वेळी हळूच म्हणाला होता, "तेजू, तोवर फोनवर थोडं घेऊन ठेवू या का? वाक्यांची यादी वगैरे नको. नुसत्या गप्पा मारू दे त्यांना काकूंशी."

"पंखा, कुकर, बाहेरनं जाणारा ट्रॅक्टर, सगळं येईल त्यात. असला कचरा घेऊन काय करणार?"

"नसण्यापेक्षा..."

"सुहैल, एकदा माझी काय फजिती झाली तुला माहितेय ना?"

ती गोष्ट मलाही माहीत होती. ऑफिसात तिनं एकदा घाईनं एक लायब्ररी निवडली होती, दिसायला फक्कड. वर्षभरात ती चालवणारा एकटा माणूस कंटाळला आणि सोडून गेला. हिच्या टीमला केलेलं सगळं काम परत करावं लागलं आणि भर मीटिंगमध्ये हिला नाही नाही ते ऐकावं लागलं. तेव्हापासून ती प्रत्येक गोष्ट दहादा तपासायची. लग्नाची स्थळंसुद्धा तशीच तपासत होती, पण तो विषय इथं नको.

सुहैल परत कॉम्प्युटरकडं वळला. मीही पाटी खाली ठेवली. पोरगी आपल्यासाठीच जिवाचं रान करतेय, तिला कशाला टोकायचं, असं वाटलं.

मैदानाच्या आधी आमच्याकडं कमिटी बसते जोड लावायला. म्हणजे कुणाची कुस्ती कुणाशी, ते ठरवायला. वजन बघतात, उंची बघतात, मागच्या कुस्त्या काढतात, एकमेकांच्या अंगावर जातात, चहावर चहा होतो. ठरता ठरत नाही. पण जत्रेचा दिवस उजाडतो, हलगी वाजायला लागते, आणि मग आहे त्या जोडीला टाळी लावून मातीत सोडावं लागतं. आमच्या टेबलावर कमिटी बसली होती, पण हलगी वाजवणारा कुणी नव्हता.

मध्येच शेजारच्या गावची जत्रेची माणसं आली. दरवर्षी तिथं मीच बोलायचो. त्यांना दुखणं कळलं होतं. "गुरुजी, बोलू नका, नुसते येऊन बसा," म्हणाले. "एकदा माईकवर 'राम राम' म्हणा आणि खाली ठेवा. पोरांना तेवढं बास."

माझ्या अंगावर काटा आला. मी तेजूकडं बघितलं.

"काका, राग मानू नका," ती त्यांना म्हणाली, "पण तात्यांना मी ओळखते. राम राम म्हणायला उभे राहतील आणि शेवटच्या कुस्तीपर्यंत खाली बसायचे नाहीत."

ते खोटं नव्हतं. मी पाटीवर 'दोनच शब्द' असं लिहिलं. तिनं वाचलं आणि माझ्या पायापाशी येऊन बसली.

"तात्या, ह्या दोन शब्दांच्या बदल्यात तुम्हाला पुढं सगळे शब्द मिळणार आहेत. ऐका ना माझं."

मी मान हलवली. माणसं नारळ ठेवून गेली. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. भूक नाही असं लिहून दाखवलं.

मंदाचं बोलणंही कमी झालं होतं. आमचा संसार भांडणावर चाललेला. मी आमटीला नाव ठेवायचं, तिनं माझ्या मैदानांचा उद्धार करायचा, मी चार टोमणे मारायचे, तिनं आठ. आता ती एकटीच बोलणार तर कुणाशी? एका दुपारी माझ्याजवळ बसून मटार सोलत होती.

"घरात माणूस असून नसल्यासारखं झालंय," ती म्हणाली.

मी लिहिलं, 'थोडे दिवस. मग मशीन जन्मभर बोलेल.'

"मशीनशी तुमीच बोला," ती म्हणाली आणि मटारचं ताट उचलून आत गेली.

मला तिच्याशी खूप बोलायचं होतं. मला भीती वाटत होती. गळा कापणार, भोक ठेवणार, त्यातून श्वास घ्यायचा, हे सगळं डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं आणि ते चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. एरवी अशा वेळी मी तिला म्हणालो असतो, अगं, माझी पार टरकलीय बघ, आणि तिनं हसून, शिव्या घालून माझी भीती घालवली असती. आता काय करणार? एकदा पाटीवर लिहिलं, 'मला भीती वाटते.' लिहिल्यावर ते फारच मोठं दिसायला लागलं. ती स्वयंपाकघरातून यायच्या आत मी ते पुसलं. मनात म्हटलं, रेकॉर्डिंग एकदा होऊ दे. मग ऑपरेशनच्या आधी एक अख्खा दिवस हिच्याशी बोलायचं. सगळं बोलायचं. लग्नापासूनचं.

शुगर उतरली. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. आता तेजूला ठरवणं भाग होतं. ढिगातल्या दोन उरल्या होत्या, विद्यापीठातली आणि परदेशी. सुहैल म्हणायचा विद्यापीठातली, ती बंद पडली तर पडू दे, आपलं काम तर होईल. तेजू म्हणायची, बंद पडलेल्या गोष्टीवर तात्यांचा आवाज कसा ठेवू, पुढं मोबाइल बदलला, काही बिघडलं, तर दाद कुणाकडं मागू? दोघांचंही बरोबर होतं. म्हणून तर ठरत नव्हतं.

"उद्याचा दिवस दे," ती म्हणाली. "दोन्हीवर सुहैलचा आवाज शिकवून बघते. जो चांगला येईल तो घेऊ. परवा स्टुडिओ."

तो उद्याचा दिवस उजाडला तोच माझ्यासाठी वाईट. सकाळपासून श्वास घेताना आत शिट्टी वाजत होती. मला वाटलं कफ असेल. पाटीवर लिहिलं नाही. म्हटलं, परवा स्टुडिओत जायचंय, पोरगी उगीच घाबरेल आणि परत सगळं पुढं ढकलेल.

दुपारी बाहेर टेबलावर कॉम्प्युटर सुहैलच्या आवाजात बोलायला लागला. पहिल्यांदा एका लायब्ररीतून, मग दुसरीतून. 'नमस्कार, आज हवामान ढगाळ राहील.' अगदी सुहैलच. मी आत कॉटवर पडलो होतो, ऐकून थक्क झालो. होतंय म्हणजे, म्हटलं. पोरीनं करून दाखवलं. उठून तिची पाठ थोपटावी म्हणून पाय खाली टाकले, आणि श्वास अडकला.

आत जाईना. गळ्यावर कुणी पैलवानानं गुडघा ठेवल्यासारखं झालं. मी कॉटचा कठडा धरला, पाटी खाली पडली. बाहेर तेजू विचारत होती, "आता सांग, दोन्हीत कुठला चांगला?" आणि कॉम्प्युटर परत हवामान सांगत होता. हाक मारता येईना. मंदा पाणी घेऊन आली म्हणून तिला दिसलं. तिच्या हातातला तांब्या पडला.

"अगं ए तेजे! तुझा बाप चालला गं!"

सुहैलनं आणि मंदानं मला उचलून गाडीत घातलं. तेजूनं गाडी काढली. सुहैल मोटरसायकलवर पुढं सुटला, दवाखान्यात सांगायला. मी मागच्या सीटवर, माझं डोकं मंदाच्या मांडीवर. ती माझ्या छातीवरून हात फिरवत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. श्वास येत होता, पण सुतासारखा बारीक.

विश्रामबागच्या चौकात गाड्या अडकल्या. तेजू हॉर्नवर हात ठेवून बसली होती. एकदम तिनं मागं वळून बघितलं आणि तिचा बांध फुटला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडत होती.

"माझं चुकलं, तात्या. घेऊन ठेवायला पाहिजे होतं. कसंही, कशावरही. आता हे डॉक्टर... माझ्यामुळं तुमचा... तात्या, माझं चुकलं हो!"

ती स्टिअरिंग सोडून रडत होती. पुढच्या गाड्या हलल्या, मागचे बोंबलायला लागले, तरी तिला भान नव्हतं. मी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला. कुठून आला कोण जाणे. आवाज निघाला, फाटका, शिट्टी मिसळलेला, पण माझा.

"तुझं काय चुकलं नाही, पोरी," मी म्हणालो. "पुढं बघ. गाडी चालव."

तिनं डोळे पुसले आणि गिअर टाकला. माझा श्वास तेवढ्यातच संपला. डोक्यावर दवाखान्याचे दिवे दिसले, मग काही नाही. जागा झालो तेव्हा गळ्याला भोक होतं आणि हवा तिथून येत-जात होती. पेटीही नंतर काढली. डॉक्टर म्हणाले तसा जीव वाचला.

चौकातलं ते बोलणं कुणी रेकॉर्ड केलं नाही. करणार कोण? मैदानातल्या जुन्या कॅसेट तेजूनं पुढं एकदा बाहेर काढल्या होत्या. आता गर्दी आणि हलगी बाजूला काढणाऱ्या लायब्रऱ्याही आल्यात म्हणाली, त्यातही पुष्कळ आहेत. मी हात जोडले. घरात मैदानासारखा ओरडणारा माणूस कुणाला हवाय? तिनं कॅसेट परत ठेवल्या आणि त्यानंतर तो विषय काढला नाही. सुहैलचं आणि तिचं मात्र त्या दिवसापासून बिनसलं ते बिनसलंच. तो अजून दिवाळीला येतो, पाया पडतो, ती पुण्याहून यायच्या आत जातो.

तेजूनं मला एकदाच विचारलं, दवाखान्यातून घरी आल्यावर. "तात्या, चौकात म्हणालात ते खरं? का माझी समजूत घालायला?"

मी लिहिलं, 'खरं.' खाली दोन रेघा मारल्या.

साफ खोटं. आज सांगायला हरकत नाही. त्या चौकात मी तिच्यावर एवढा चिडलो होतो की श्वास असता तर कानाखाली आवाज काढला असता. माझे बोलायचे शेवटचे आठवडे तिनं टेबलावर घालवले होते. जत्रेचा राम राम घालवला होता. आमटीवरून होणारी भांडणं घालवली होती. पण तिच्यापुढं सबंध आयुष्य होतं, आणि गाडीतलं तिचं तोंड मी बघितलं होतं. हे ओझं घेऊन ती जगली नसती. म्हणून होता तो आवाज तिथं खर्च केला आणि मला कधी त्याचा पश्चात्ताप झाला नाही. बापानं दुसरं काय करायचं असतं? गेल्या वर्षापर्यंत मी असंच समजत होतो.

गेल्या वर्षी एका दुपारी तेजूचा फोन आला होता. तिचं आता सगळं बरं चाललंय, नवरा चांगला मिळाला, पोरगी आहे. फोन स्पीकरवर ठेवून मंदा बोलत होती आणि मी ऐकत होतो. बोलता बोलता तेजू म्हणाली, "आई, तात्या त्या दिवशी मला तसं म्हणाले नसते ना, तर मी वेडी झाले असते बघ." मला भरून आलं. मंदानं हं हं केलं, नातीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

मग ती कोथिंबीर निवडत बसली. अर्धी जुडी निवडून झाली.

"तिला बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली. "पोरगी वाचली."

मी मान हलवली.

"मी मागं बसले होते," ती कोथिंबिरीकडंच बघत म्हणाली. "तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुमी श्वास गोळा करायला लागलात ते मला हाताला कळलं. मला वाटलं, आता मला काहीतरी म्हणतील. एवढे दिवस गप होते, आता म्हणतील. काही नाही तर शिवी तरी देतील."

मी मोबाइल उचलला, हल्ली पाटीच्या जागी तोच असतो. काहीतरी लिहायचं म्हणून उचलला, काय ते मलाही माहीत नव्हतं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"लिहून नको," ती म्हणाली.

मी मोबाइल खाली ठेवला. ती थोडा वेळ तशीच हात धरून बसली, मग निवडलेली कोथिंबीर घेऊन आत गेली.